खाड्यांचं कॅलेंडर

आयेच्या तेराव्याला जेवणं आटोपली आणि मंडळी सतरंजीवर पान जुळवत बसली होती. बाबांचे एक चुलतभाऊ म्हणाले, "काय बाई होती! एवढ्या माणसांना जेवायला घातलं, पण कधी कोणाकडे पैसे मागितले नाहीत." सगळ्यांनी माना हलवल्या. कोणीतरी "साक्षात अन्नपूर्णा" म्हणालं, एका काकीने डोळ्याला पदर लावला. बाबा माझ्या समोरच बसले होते. आमची नजरानजर झाली आणि त्यांनी पटकन अडकित्ता उचलून सुपारी कातरायला घेतली. तेराव्याला वाद घालायचा नसतो म्हणून मीही गप्प राहिले, पण ते वाक्य घरी आल्यावरही डोक्यातून जाईना. कारण पैसे मागण्यात आमच्या आयेचा हात धरणारं अख्ख्या लालबाग-परळात कोणी नव्हतं.

तिला आम्ही नातवंडांनी आजी कधी म्हटलंच नाही. बाबा आये म्हणायचे म्हणून आम्हीही आये. खानावळीत जेवणारी घाटावरची माणसं तिला मावशी म्हणत आणि आमच्या कोकणातली वयनी. गिरणीचा पगार दहा तारखेच्या आसपास व्हायचा. त्या दिवशी दुपारी ती माझ्या केसांना चपचपीत तेल लावून दोन वेण्या घालायची, धुतलेला फ्रॉक चढवायची आणि माझा हात धरून गेटासमोर जाऊन उभी राहायची. साडेतीनचा भोंगा व्हायच्या आत. गेटाबाहेर जत्राच असायची: कपड्यांच्या हातगाड्या, भजीवाला, युनियनची वर्गणी गोळा करणारे, व्याजाने पैसे लावणारे. बाबांच्या लहानपणी तिथे पठाण काठी टेकून उभे असत. आये त्यांच्याही पुढे, अगदी दाराच्या तोंडाशी उभी राहायची म्हणे, कारण पठाणाकडून पुढे सरकलेल्या माणसाच्या खिशात खानावळवालीसाठी काही शिल्लक राहत नाही. मला ती बरोबर का न्यायची, हे फार उशिरा उमगलं. नातीला फिरवून आणणं वगैरे काही नव्हतं त्यात. लहान पोरीदेखत पुरुष शिवी देत नाही आणि थाप मारताना त्याची जीभ अडखळते, एवढंच. "वयनी, पुढच्या म्हैन्यात नक्की..." असं कोणी सुरू केलं की आये एक अक्षर बोलायची नाही. आधी त्याच्याकडे बघायची, मग माझ्याकडे. माणूस खिशात हात घालायचाच.

मग गल्लीच्या तोंडावर मला बर्फाचा गोळा. तोही दर महिन्याला नाही, वसुली पुरी झाली तरच.

आमची खोली चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. एक खोली, एक मोरी, वर माळा. या एवढ्याशा जागेत घरची सहा माणसं राहत आणि पंधरा-वीस मेंबर जेवत. हो, मेंबर. गिऱ्हाईक हा शब्द आयेला आवडायचा नाही. मेंबरांची पथारी गावकीच्या खोल्यांत. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे कितीतरी पुरुष, बायका-मुलं गावाला. त्यांची जेवणंही पाळीप्रमाणे. सातच्या पाळीवाल्यांचे डबे पहाटे भरायचे, दुसऱ्या पाळीवाले दुपारी जेवून जाणार, आणि रात्री बाराला सुटलेले साडेबारापर्यंत जिना चढून येणार. म्हणजे आमच्या घरात दिवा पूर्ण विझला असा वेळ रात्री एक ते चार. चार वाजता नळाला पाणी यायचं आणि स्टोला पंप मारल्याचा फस्‌फस्‌ आवाज सुरू व्हायचा. माझं लहानपण त्या आवाजाचं, रॉकेलच्या वासाचं आणि पाट्यावर सरसरणाऱ्या खोबऱ्याचं आहे. वाटपात तिरफळं पडली की आज बांगडा हे माळ्यावर झोपल्याजागी कळायचं. बुधवार आणि रविवार मासळीचे. रविवारची मासळी ती स्वतः भाऊच्या धक्क्यावरून आणायची, टोपली डोक्यावर घेऊन, आणि मसाला वर्षाचा एकदम, समोर उभं राहून डंकावर कुटून घ्यायची. डंकवाल्यावरही तिचा विश्वास नव्हता.

आयेला लिहिता-वाचता येत नव्हतं. आकडे मात्र यायचे, आणि तिच्यापाशी होतं कालनिर्णय. ते 1973 साली निघालं, माझा जन्मही त्याच वर्षीचा, आणि आमच्याकडे ते तेव्हापासून भिंतीवर. त्यातल्या तिथी, एकादश्या तिला कोणीही सांगितल्या असत्या. तिला हव्या होत्या त्या तारखांच्या चौकटी. मेंबर जेवायला आला तर लिहायचं काहीच नाही, नाही आला तर त्या दिवसाच्या चौकटीत त्याची खूण. हा त्याचा खाडा. प्रत्येकाची खूण वेगळी: चष्मेवाल्याचे दोन गोल, उंच माणसाची उभी काठी, भजनात मृदंग वाजवणाऱ्याचा आडवा पिंप, देवगडकडच्या एकाचा मासा. खाड्याचा नियमही ठरलेला. "आदल्या राती सांगलंस तर खाडो, नायतर जेवण." म्हणजे न सांगता गैरहजर राहिलास, तर तुझा भात रांधून झालेला आहे, पैसे कापले जाणार नाहीत. नातेवाइकाकडे अचानक जेवण झालं म्हणून खाडा मागणारे कित्येक जण तिच्याशी भांडले आणि हरले. महिन्याचे पैसे थकले की त्याची खूण पानाच्या वरच्या कोऱ्या पट्टीत जायची. पैसे आले की त्यावर आडवी रेघ. वर्ष संपलं की कॅलेंडरची गुंडाळी करून ट्रंकेत. पानांच्या मागे छापलेल्या पाककृती पुढे मी तिला हौसेने वाचून दाखवायचे, तर ती म्हणायची, एवढ्या तुपात कोणालाही येईल.

हे सगळं तिने हौसेने सुरू केलेलं नव्हतं. आजोबा गिरणीत कापूस विंचरायच्या कार्डिंग खात्यात होते. तिथला कापसाचा भुगा त्यांच्या छातीत बसला, खोकला सुटेना, आणि 1960 च्या दशकात ते घरी बसले. मी त्यांना पाहिलेलं नाही. सुरुवातीला त्यांच्याच खात्यातले चारजण जेवायला आले, पुढे त्यांचे गाववाले. भांडवल म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याची उधारी, आणि वाणी उधारीचा तांदूळ वेगळ्या भावाने द्यायचा. गिरणगावात अशा घरोघरी खानावळी चालवणाऱ्या बायका किती असतील, कोण जाणे. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना एकत्र आणलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे यांच्या हातचा धंदा हा धंदा आहे हे कागदावर आलं. आये बरीच उशिरा, बऱ्याच संशयाने त्यात गेली. आधी शेजारणीला कर्ज घ्यायला लावलं, तिला काही त्रास होत नाही हे वर्षभर बघितलं, मग आपण घेतलं. कर्जासाठी ती सही शिकली. तिची ती सही म्हणजे भिंतीला टेकून उभ्या केलेल्या पाटांसारखी अक्षरं, एकही दुसऱ्याला न चिकटणारं. वाण्याचं खातं तिने बंद केलं त्या दिवशी आमच्याकडे मटण होतं.

बाबांना या सगळ्याचा अभिमान होता असं मी म्हणणार नाही. त्यांच्या बोलण्यात अजूनही एक गाठ आहे. आधी मेंबर, मग घरची मुलं, हा घरचा कायदा. बाबा आणि त्यांची भावंडं रात्रीची जिन्यात ताटकळायची, आत परकी माणसं जेवत असायची आणि सारातल्या तुकड्या मोजून वाढल्या जात असायच्या. परीक्षेच्या दिवशीसुद्धा त्यांना पहिलं ताट मिळालं नाही. "आई कशी असते ते मला मित्रांच्या घरी बघायला मिळालं," असं ते एकदा माझ्या आईला म्हणाले होते. आईने यावर काय म्हटलं ते आठवत नाही. तिला सवडही नसेल. लग्न होऊन आली त्या दिवसापासून रोजचा ढीगभर कांदा तिनेच चिरला. खाड्यांचा हिशेब चोख ठेवणाऱ्या आयेने सुनेच्या या कामाचा हिशेब मात्र कुठल्याच चौकटीत मांडला नाही, हेही लिहायला हवं.

मला मिळालेली आये थोडी निराळी. निदान गाबोळीपुरती.

पावसाळ्याच्या तोंडावर मासळीच्या पोटात गाबोळी निघायची. वीस माणसांच्या मासळीत तीन-चार पोटं भरलेली असणार. मेंबरांना वाढायची तर कोणाला द्यायची आणि कोणाला नाही? एकाला मिळाली आणि दुसऱ्याला नाही, तर पंगतीत कुरबूर. म्हणून गाबोळी पंगतीला जायचीच नाही. ती हळद-मीठ-तिखट लावून, तव्याच्या कडेला मंद आचेवर बसायची. वरून खरपूस, आत रवाळ. माळ्यावरून उतरताना आये बशी माझ्याकडे सरकवायची, वर न बघता. लाड म्हणून तिने मला कधी मांडीवर घेतल्याचं आठवत नाही, पण जे समान वाटता येत नाही ते नातीचं, हा नियम तिने शेवटपर्यंत पाळला. बाबा ती बशी बघायचे. त्यांच्या वेळीही गाबोळी निघतच असणार. ती तेव्हा कोणाच्या वाट्याला जायची, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची होते. दत्ता सामंतांचं नाव जिन्यात, नळावर, सगळीकडे. अडीच लाख माणसं कामावर जाईनाशी झाली. मला आठवतं ते भोंग्याचं बंद होणं. आये त्या भोंग्यावर डाळ चढवायची. आता तिला दर थोड्या वेळाने आम्हाला घड्याळ विचारावं लागायचं आणि त्याचा तिला राग यायचा. सुरुवातीला सगळे खुशीत होते. महिना-दोन महिन्यांत मिटेल, तोवर गावी जाऊन येऊ, म्हणून निम्मे मेंबर गेले. उरलेले रोज जेवायला येत राहिले.

ते 1982 चं कॅलेंडर मी पुन्हा पुन्हा बघितलंय. आधीच्या वर्षांच्या चौकटी खुणांनी बरबटलेल्या: कोणाचा पाहुणा, कोणाची जत्रा, कोणाचं नाटक. मार्चनंतर चौकटी स्वच्छ. जे मागे राहिले त्यांचा एकही खाडा नाही. पाहुणा कोण बोलावणार आणि नाटकाला जाणार कशाने? दोन वेळचं जे काही पोटात जायचं ते आमच्याच खोलीत. वरच्या पट्टीत मात्र खुणांची गर्दी, आणि त्या वर्षी एकीवरही रेघ पडली नाही.

तेराव्याच्या मंडळींना आठवतं ते हेच. तिने संपात माणसं जगवली. जगवली, खरं आहे. आधी बुधवारची मासळी गेली, मग रविवारची. मग बोंबील-सुकट, मग कुळथाची पिठी आणि भात, मग नुसती पेज आणि लोणच्याचा खार. तिच्या हातातल्या पाटल्या गेल्या. घरात पगार एकच येत होता, बाबांचा, गोदीतला, आणि त्या पगारावर बाहेरची आठ-दहा माणसं जेवत होती. पण ती हे दान म्हणून करत नव्हती. तिचा सरळ हिशेब होता की संप मिटेल, थकबाकी हातात पडेल आणि तेव्हा आपले पैसे वसूल होतील. जेवताना मान खाली घालणाऱ्या माणसाला ती दरडावायची, "पैशे नसत तर तसा सांग, पण गप ऱ्हवान जेव नको." नीट बसून, मागून घेऊन जेवायचं. उधारीवर जेवणारा माणूस भिकारी नसतो, असं तिचं म्हणणं.

आणि मग, गणपती झाल्यावर एका रात्री, तिने पंगतीत सांगितलं. "सोमवारापास्ना चूल बंद. आपापली सोय बघा." वाण्याने पुन्हा उघडलेलं खातं गच्च भरलं होतं, विकण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि संप मिटणार नाही हे बहुतेक तिला युनियनच्या पुढाऱ्यांच्या आधी कळलं होतं. कोणी काही बोललं नाही. ताटं घासून पालथी घालून गेले सगळे. सोमवारी रात्री त्यातला एकजण आला. उभ्या काठीच्या खुणेचा, साताऱ्याकडचा. आत आला नाही, जिन्यात बसून राहिला. आम्ही जेवत होतो. आयेने त्याला पाहिलं होतं. बाबा आपलं ताट घेऊन उठले आणि बाहेर त्याच्यापुढे ठेवून आले. आये म्हणाली, "तुझ्या ताटातला तू दी. माझ्या टोपातला नाय." बाबा त्या रात्री उपाशी झोपले. टोपात भात होता. बाबांनी तिच्याशी बोलणं कितीतरी दिवस टाकलं होतं, आणि मला वाटतं काही बाबतीत ते पुन्हा कधी सुरू झालंच नाही.

मला तिचा त्या रात्री राग आला होता. आज येत नाही, असंही ठाम म्हणता येत नाही. तिच्या जागी बसून विचार केला तर टोपातला एक वाढा काढला असता तर मंगळवारी तिघं आले असते, आणि बंद केलेली चूल पुन्हा बंद करण्याचं बळ तिच्यात उरलं नसतं. हे पटतं. तरीही टोपात भात होता हेही विसरता येत नाही.

संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला. पुढे मी पाचवीत असताना, मे महिन्यात आयेने कॅलेंडरच्या गुंडाळ्या कापडी पिशवीत घातल्या आणि मला घेऊन वसुलीला निघाली. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. रात्रभराची एसटी, कशेडीच्या घाटात माझ्या उलट्या, आणि सकाळी कणकवली. तिथून वाड्या-वाड्यांनी पायी. ज्याच्या घरी जाऊ तिथे पडवीत बसायची, पाणी-गूळ घ्यायची, पोराबाळांची चौकशी करायची, आंबे कसे आलेत विचारायची. मग पान उलगडून खूण दाखवायची. आश्चर्य म्हणजे कोणी नाही म्हटलं नाही. रोकड क्वचित मिळाली. कोणी उकडे तांदूळ दिले, कोणी काजूबिया, कोकमं, एकाने तर कोंबडाच हातात दिला आणि तो आम्ही पुढच्या वाडीत विकला. मृदंगवाल्याच्या घरी गेलो तर दारात त्याची बायको, पांढऱ्या कपाळाची. तिला मुंबईच्या खानावळीचं काही माहीतच नव्हतं. घरात दोन लहान मुलं, कौलं सरकलेली. आये बराच वेळ बसली. मला वाटलं आता आपण उठून निघणार. तिने पिशवीतून कॅलेंडर काढलंच. "चार म्हैन्यांचे आसत," म्हणाली. बाईचा चेहरा उतरला. "एक नारळ दी माका. हिशोब पुरो." बाईने आतून नारळ आणून दिला, आयेने पेन्सिलने त्या आडव्या पिंपावर तिच्यासमोर रेघ ओढली, पुन्हा एकदा दाबून ओढली, आणि आम्ही निघालो. त्या नारळाचं काय झालं आठवत नाही. खाल्ला असेल.

पुढची वर्षं पटकन गेली. तिने मसाले कुटून विकले, सुकी मासळी विकली, माझ्या कॉलेजची फी त्यातून भरली. आम्ही डोंबिवलीला राहायला गेलो. गिरण्यांच्या जागी मॉल आणि काचेच्या इमारती आल्या. ती एकदा बघायला आली तेव्हा खालच्या खाण्याच्या दुकानात थाळीचा भाव वाचून घेऊन म्हणाली, यात मासळी किती तुकड्या? 2012 साली गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली. पात्र कोण, तर 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर गिरणीच्या हजेरीपटावर असलेला कामगार आणि त्याचे वारस. आजोबांचं नाव त्याआधीच हजेरीपटावरून उतरलेलं. नियम मी तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "आणि जेवाण घालणारी खयच्या रांगेत?" मी काहीतरी समजूत काढली. ती रडली वगैरे नाही. तिने दुसरा प्रश्न विचारला, की आपल्या मेंबरांपैकी कोणाचा नंबर लागला का, ते कळेल का. मला तेव्हा वाटलं, त्यांच्यासाठी विचारतेय.

तेराव्यातलं ते वाक्य मला लागलं ते यामुळे. चांगल्या मनानेच म्हटलेलं होतं. पण पैसे न मागणारी बाई म्हटली की तिचं पहाटे चारला उठणं आपोआप होतं, मायेपोटी झाल्यासारखं होतं, आणि मायेचा पगार कोणी देत नाही. आये पैसे मागायची, कारण तिने काम केलेलं असायचं. ज्यांच्याकडे तिने मागितले त्यांना हे कळत होतं. कळत नव्हतं ते फुकट जेवलेल्या नातेवाइकांना, त्यांच्याकडे मात्र तिने खरंच कधी मागितले नाहीत.

परवा ट्रंक उघडली. मला वाटलं होतं या खुणा आता कोणाला वाचता येणार नाहीत. बाबांनी चष्मा पुसला, 1982 चं एप्रिल जमिनीवर पसरलं, कडांना वाट्या ठेवल्या आणि वरच्या पट्टीवरून बोट फिरवत सरळ वाचायला लागले. हा साळखात्यातला, मागावरचा. हा दोन चपात्या मागून घ्यायचा. ह्याने दिले, तांदूळ दिले, तू होतीस ना तेव्हा. बोट माशाच्या खुणेवर थांबलं. त्यावर रेघ नव्हती. मे नाही, जून नाही, जुलैच्या पानावरही नाही. "हा देवगडचा," बाबा म्हणाले. "ह्याचा मुलगा ठाण्याला असतो म्हणे आता, चांगला फ्लॅट आहे." मी हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी पान नीट गुंडाळून रबर लावलं आणि विचारलं, "तुला नंबर मिळेल का कोणाकडून?"